मैदान बंद, डोकं चालू?

पी.एल. लागली की आपल्या हॉस्टेलवर दोन गोष्टी ठरलेल्या. झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते आणि मैदान ओस पडतं. एरवी दहापर्यंत चालू असणारे मैदानाचे दिवे आठलाच बंद! कारण काय, तर मुलांचं अभ्यासात लक्ष राहावं. शाळेतही हेच व्हायचं. युनिट टेस्ट आली की पी.टी.चा पिरियड मॅथ्सच्या मिस घेऊन टाकायच्या. थोडक्यात, अंग हललं की डोकं थांबतं, असं आपण सगळ्यांनी गृहीत धरलंय. मला हे अजिबात पटत नाही.

२०११ साली अमेरिकेत कर्क एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १२० वयस्क माणसं, दोन गट. एक गट वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटं भरभर चालला. दुसऱ्याने स्ट्रेचिंगसारखे हलके व्यायाम केले. वर्षानंतर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूतला भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. दुसऱ्या गटाचा चक्क कमी झाला होता. म्हणजे 'व्यायाम केला' एवढंच पुरत नाही, कोणता केला हेही बघावं लागतं.

आता जिमवाल्यांनी नाराज होऊ नये. २०१० साली कॅनडात ६५ ते ७५ वयाच्या बायकांवर असाच वर्षभराचा प्रयोग झाला. वजनं उचलणाऱ्या आज्या एका गमतीदार टेस्टमध्ये सुधारल्या. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. करून बघा, जीभ अडखळतेच! पहिली सवय आवरून नेमकं उत्तर देणं, हे आपल्याला वायवात किती कामाला येईल!

तिसरा प्रकार कौशल्याचा. २००४ साली जर्मनीतल्या तरुणांना तीन महिने तीन चेंडू झेलायला शिकवलं. हलत्या वस्तू टिपणारा मेंदूचा भाग वाढला. मग सराव सोडला, तर तीन महिन्यांत तो पुन्हा बराच आक्रसला. बॅकअप वगैरे काही नाही!

हे खरं, की यातले पहिले दोन प्रयोग म्हाताऱ्या माणसांवरचे आहेत आणि पेपरच्या आदल्या रात्री पळून कोणाचा एम-थ्री सुटत नाही. पण महिनाभर खुर्चीला चिकटून बसल्याने तो सुटतो, हे तरी कुणी सिद्ध केलंय?

आपल्याकडे व्यायाम म्हणजे फक्त बायसेप्स. धावणं, खो-खो, बॅडमिंटन हे सगळं 'टाइमपास' खात्यात. आपल्या मातीतला मल्लखांब बघा, पकड, तोल आणि पुढच्या उडीचा हिशेब, सगळं एकदम! तो आपल्या जिमखान्यात का नाही?

म्हणून सरांना विनंती, पी.एल.मध्ये दिवे निदान दहापर्यंत राहू द्या. आणि मित्रांनो, दिवे राहिले तर उतरायचं मात्र आपल्यालाच आहे. मेसनंतर कट्ट्यावर 'किती युनिट झाले रे?' करण्यात ४० मिनिटं कशीही जातातच. ती मैदानावर घालवू.