बेल्ट बदलायला भटजी कशाला?

"टायमिंग बेल्ट? हात लावू नका हं, स्पेशालिस्टकडेच द्या." जुन्या पोर्शे ९४४ चा (१९८२ ते १९९१) विषय निघाला की हा मंत्र ठरलेला. भीती खरी आहे, मान्य. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. शेजारचा बॅलन्स शाफ्टचा बेल्ट तुटून यात अडकला तरी तेच. पण म्हणून काम अवघड कसं?

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणा, फ्लायव्हील आणि कॅमच्या खुणा जुळवा, बेल्ट चढवा, ताण द्या. मग पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा (कॅमचा तेवढ्यात एकच होतो) आणि खुणा परत बघा. अडलं तर जोर करायचा नाही. चूक इथेच कळते, फुकटात. आपण रिलीजच्या आधी एवढं तरी टेस्टिंग करतो का?

हां, सुरुवातीच्या मॉडेल्सना ताण मोजायचं गेज हवंच. अंगठ्याने दाबून "चालतंय की" म्हणणाऱ्याने गाडी खुशाल गॅरेजला द्यावी. पण तिथे ते दोन फेरे कुणी फिरवले की नाही, हे बिलावर कुठे लिहिलेलं असतं?