पाच रुपयांच्या पुड्याचे वजन किती?

मोहल्ल्यातल्या किराणा दुकानात दिवसभर जो माल सर्वांत जास्त हलतो, तो पाच आणि दहा रुपयांचा. बिस्किटाचा पुडा, फरसाणाचे पाकीट, भांड्यांच्या साबणाची वडी, चहाची पुडी. गिऱ्हाईक भाव विचारत नाही, कारण तो त्याला तोंडपाठ असतो. वजन तर कोणीच विचारत नाही. आमचे म्हणणे असे की, यापुढे गिऱ्हाइकाने वजन विचारावे आणि त्याने नाही विचारले तरी दुकानदाराने ते सांगावे.

२०२२ साली युक्रेनच्या लढाईमुळे गहू, पामतेल सगळेच कडाडले. त्या वर्षी मे महिन्यात बातम्या आल्या की, हल्दीरामच्या दहा रुपयांच्या आलू भुजियाचे वजन ५५ ग्रॅमवरून ४२ ग्रॅमवर आले आणि विमची दहा रुपयांची वडी १५५ ग्रॅमवरून १३५ ग्रॅमवर. पाकिटावरचा दहाचा आकडा जागचा हलला नाही. आता हिशेब मांडून पाहा. ५५ ग्रॅमला दहा रुपये म्हणजे किलोला सुमारे १८२ रुपये. ४२ ग्रॅमला दहा रुपये म्हणजे किलोला २३८ रुपये. किलोमागे ५६ रुपयांची वाढ! आपल्या एखाद्या दुकानदाराने सुट्या फरसाणाचा भाव असा एकदम ५६ रुपयांनी चढवला असता, तर बाया-माणसांनी दुकानासमोर येऊन जाब विचारला असता. पाकिटाला जाब विचारायला कोणी गेले नाही.

कंपन्या असे का करतात? त्याचे खरे कारण नाण्यात आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण कोणी ते हातात घेत नाही. त्यामुळे पाच रुपयांच्या वस्तूचा भाव साडेपाच करणे म्हणजे दुकानदाराच्या डोक्याला ताप. सुट्यांऐवजी गोळी-चॉकलेट हातावर ठेवण्याची आपल्याकडची रीत याच टंचाईतून आली. (ती रीतही आम्हांला पसंत नाही, गिऱ्हाइकाने गोळी मागितलेली नसते.) भाव नाण्याला बांधलेला, म्हणून कमी-जास्त होते ते वजनच.

हेच उलट्या बाजूनेही दिसले. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, फरसाण, अंघोळीचा साबण, शांपू यांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. काही पाकिटांवर साडेचार रुपयांच्या आसपासच्या अडनिड्या किमती छापून आल्या. पण सुटे आणायचे कोठून? तेव्हा अनेक कंपन्यांनी पाच-दहाचा आकडा कायम ठेवून आत माल वाढवण्याचा मार्ग धरला. अशा वेळी एकाच फळीवर एकाच भावाची जुन्या आणि नव्या वजनाची पाकिटे शेजारी शेजारी बसतात. दुकानदाराने जुना माल आधी खपवावा हे धंद्याला धरून आहे, पण गिऱ्हाइकाने दोन पाकिटे ताडून पाहिली की ठपका कंपनीवर येत नाही, गल्ल्यावर बसलेल्या माणसावर येतो.

मग ही लबाडी आहे काय? कायद्याने नाही. वजन पाकिटावर छापलेले असते आणि तेवढा माल आत असला म्हणजे कायद्याचे समाधान होते. परंतु आपल्या समाजातला व्यापारी तराजूच्या बाबतीत केवळ कायद्यापाशी थांबणारा नाही. मापात कमी देणाऱ्यांच्या नावाची एक स्वतंत्र सूरह कुरआन शरीफात आहे, मुतफ्फिफीन, ८३ वी. ज्याने आयुष्यात कधी पारड्याला बोट लावले नाही, असे दुकानदार आम्ही पुष्कळ पाहतो. कंपनीच्या करणीचा बोजा त्यांनी आपल्या शिरावर घ्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र शेजारची बाई रोजचे पाकीट मागते आणि ते मागच्या महिन्यापेक्षा हलके आहे हे त्यांना ठाऊक असते, तेव्हा गप्प राहणे त्यांना शोभत नाही. "वजन कमी झाले बरं का, भाभी," एवढे बोलायला काय खर्च येतो?

सरकारनेही या बाबतीत थोडी हालचाल केली आहे. २०२१ साली वेष्टित मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि ग्रॅममागे, किलोमागे किंवा लिटरमागे किती भाव पडतो, तो आकडा पाकिटावर छापणे सक्तीचे ठरले. मुदती वाढत वाढत हे पुढे अमलात आले. पण त्याच दुरुस्तीने दुसरी एक दोरी सोडली. बिस्किटे, चहा, साबण अशा काही मालाची पाकिटे ठरावीक वजनाचीच करावी हे बंधन उठले. शिवाय दहा ग्रॅम किंवा दहा मिलिलिटरपर्यंतच्या पुड्यांना हे नियम लागूच नाहीत. म्हणजे गरिबाच्या हातात जी सर्वांत लहान पुडी जाते, तिच्यावर हा आकडा मिळेलच असे नाही. मोठ्या पाकिटावर असतो, तोही एवढा बारीक की आपली बुजुर्ग मंडळी चष्मा लावूनही वाचू शकणार नाहीत.

लहान पुडी घेणारा अडाणी असतो, असे शिकलेले लोक बोलतात. ते आम्हांला मान्य नाही. भिवंडी-मालेगावच्या कारखान्यांत मजुरी हप्त्याला मिळते. पगाराच्या आदल्या दिवशी खिशात वीस रुपये असतील तर माणूस पाचाचीच पुडी घेणार. दुसरे म्हणजे मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते हा समजच चुकीचा आहे. शांपूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या आपल्या देशात पुष्कळदा बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडतात. ही पुडी तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी रुजवली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली चिक शांपू काढला आणि पाच रिकाम्या पुड्या आणणाऱ्याला एक भरलेली फुकट देऊन तो खेडोपाडी पोहोचवला. आधी रिकामी पुडी कोणत्याही कंपनीची चालत असे, नंतर फक्त चिकची. धंदा कसा करावा याचा हा नमुना आहे, फक्त त्या रिकाम्या पुड्या आज भंगारवालाही घेत नाही.

तेलाची गोष्ट मात्र निराळी आहे. खाद्यतेल सुटे विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे पिशवी घेणे भाग पडते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. पण तशीच दिसणारी ८५० किंवा ८०० ग्रॅमचीही पिशवी बाजारात मिळते. समजा, लिटरची पिशवी १५० रुपयांना आणि ८५० ग्रॅमची १४३ रुपयांना आहे. गिऱ्हाईक सात रुपये वाचले म्हणून खुशीने दुसरी उचलते. किलोचा भाव काढला तर पहिली १६५ ला पडते, दुसरी १६८ ला. रमजानमध्ये भज्यांची कढई रोज चढते, तेव्हा अशा घरात हा फरक किती होतो ते घरची बाईच सांगू शकेल.

कारागीर बांधवांनीही यातून आपल्याला वगळू नये. शिलाईच्या दोऱ्याच्या रिळावर मीटर छापलेले असतात. किती शिंपी ते वाचतात? रीळ स्वस्त मिळाले की घेतले. सुतारकाम करणाऱ्याचा डिंक, पॉलिशचा डबा, चपला बनवणाऱ्याचे सोल्युशन, सगळ्याला हाच हिशेब लागू आहे. कारागीर मजुरी सांगताना मालाचा खर्च अंदाजाने धरतो. डबा हलका झाला आणि त्याला कळले नाही, तर तूट त्याच्याच मजुरीतून जाते.

दुकानदारांसाठी आमची सूचना साधी आहे. दुकानात एक पाटी लावावी आणि तिच्यावर रोज खपणाऱ्या आठ-दहा वस्तूंचा किलोचा भाव खडूने लिहावा: चहा, तेल, साबण, कपडे धुण्याची पावडर, बिस्किटे. शेजारी सुट्या मालाचाही भाव लिहावा. यावर काही जण म्हणतील की कंपनीचा माणूस नाराज होईल, ज्या मालावर नफा जास्त तोच मार खाईल. थोडे तसे होईलही. पण मोबाइलवर दहा मिनिटांत माल घरी पोहोचवणाऱ्यांशी गल्लीतला दुकानदार भावात टक्कर देऊ शकणार नाही. त्याच्यापाशी ओळख आहे आणि पावशेर चहा तोलून देणारा तराजू आहे. ज्या दुकानात भाव खरा कळतो, तिथे महिन्याचे सामान घेणारे गिऱ्हाईक टिकते.

हिशेब करणे अवघड नाही. पाच रुपयांचे पाकीट असेल तर पाच हजाराला ग्रॅमांच्या आकड्याने भागावे, दहाचे असेल तर दहा हजाराला. किलोचा भाव येतो. पाटीची सुरुवात तेलाच्या पिशवीपासून करावी, कारण तिथला फरक पैशांत नाही, रुपयांत दिसतो.