तीच काळी माती, तीच पऱ्हाटी. मग फरक कुठे?



अमेरिकेचा शेतकरी म्हटला की मुबलक पाणी आणि अजस्र यंत्रे डोळ्यांपुढे येतात. आज त्याच देशातला एक कोरडवाहू मुलूख पाहू. टेक्सास राज्यात मेक्सिकोच्या आखाताला लागून सपाट मैदान आहे. तिथल्या कॉर्पस क्रिस्टी बंदराभोवतीची जमीन काळी, चिकण, उन्हात भेगाळणारी. पाऊस साधारण ३० इंच, म्हणजे आपल्या अकोल्याइतकाच, आणि तितकाच लहरी. ओलीत नाममात्र. मुख्य पिके दोन, कापूस आणि ज्वारी, आलटून पालटून. ज्वारी मात्र जनावरांच्या खुराकाला आणि परदेशी जाते.

संकटे तिथेही आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने वेचलेल्या कापसाच्या गंजी उधळल्या. एप्रिल २०१८ मध्ये चीनने अमेरिकी ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत लावली आणि भर समुद्रातून जहाजे वळली. महिनाभरात ती अनामत उठली.

तरी तो शेतकरी पुन्हा पेरतो. कशाच्या बळावर?

एक, बंदर. १९२६ साली तिथे खोल पाण्याचे बंदर झाले. शेत ते जहाज अंतर थोडे, वाहतूक स्वस्त. यवतमाळच्या गाठीला समुद्र गाठायला सारा महाराष्ट्र ओलांडावा लागतो.

दुसरे, विमा. त्याला उत्पन्नाचा विमा काढता येतो. स्वतःच्या शेताची मागील सरासरी आणि वायदेबाजाराचा भाव यांवर तो ठरतो. पीक बुडो की भाव पडो, भरपाई मिळते. हप्त्याचा निम्म्याहून जास्त भार सरकार उचलते. आपल्याकडे मोजतात ती महसूल मंडळाची सरासरी. आपल्या वावरात बोंडअळी शिरली आणि मंडळ बरे निघाले, तर हात रिकामे. भाव पडला तर विम्याचा संबंधच नाही.

शिवाय अनुदान. ब्राझीलच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेने २००५ साली निकाल कायम केला की अमेरिकी अनुदानांनी कापसाचा जागतिक भाव दाबला. २०१४ साली अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन भांडण मिटवले. तो दाबलेला भाव आपणही सोसला. आपल्याला दमडी मिळाली नाही. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये, आपली पऱ्हाटी पाती-फुलांवर असताना, दिल्लीने कापूस आयातीवरचे ११ टक्के शुल्क काढले आणि वर्षअखेरपर्यंत ते माफ ठेवले.

आम्हाला त्यांचे अनुदान नको. आमचे म्हणणे दोनच. विमा वावराचा करा, भावासकट करा. आणि पेरणी झाल्यावर आयातीचे नियम बदलू नका. माती सारखी, आभाळ सारखे. मग जोखीम एकट्या आपल्याच माथी का? जिल्हा बैठकीत हाच प्रश्न मांडा.