हल्लाज आणि सरमद : बदनामी नेमकी कुणाची?

दर काही महिन्यांनी कुणीतरी तरुण ‘अनल हक’ हे दोन शब्द स्टेटसला ठेवतो आणि तासाभरात त्याच्या इमानाची चौकशी सुरू होते. कुणी त्याला काफिर ठरवतो, कुणी मुश्रिक, तर कुणी कव्वालीची लिंक टाकून वाद आणखी पेटवतो. ज्यांच्या नावाने हा वाद चालतो त्या मन्सूर हल्लाज यांच्याबद्दल मात्र दोन्ही बाजूंना फारशी माहिती नसते. दिल्लीच्या सरमद यांचीही तीच गत. एकाला सुळावर चढवले, दुसऱ्याचे शिर उडवले, एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून या दोघांची आयुष्ये एकदा शेजारी ठेवून पाहू.

हल्लाज यांचे खरे नाव हुसैन. मन्सूर हे वडिलांचे. जन्म इ.स. ८५८ च्या सुमारास, इराणच्या फार्स प्रांतात. हल्लाज म्हणजे पिंजारी. आपल्याकडचे अनेक पिंजारी-नदाफ बांधव ‘मन्सुरी’ आडनाव लावतात आणि आपले नाते याच हुसैनशी सांगतात. हल्लाज सहल तुस्तरी, अम्र मक्की आणि जुनैद बगदादी यांच्या सहवासात राहिले. तीनदा हजला गेले. खुरासान, गुजरात, सिंध असा प्रवास केला. ते नमाज-रोजे सोडून बसलेले फकीर नव्हते. उलट त्यांची इबादत पाहून लोक थक्क होत. जुन्या सूफींना खटकली ती दुसरी गोष्ट. जे अनुभव चार भिंतींच्या आत, मुर्शिद आणि मुरीद यांच्यातच बोलायचे, ते हल्लाज बाजारात उभे राहून सामान्य माणसाला सांगत होते.

सरमद साधारण साडेसातशे वर्षांनंतरचे. इराणच्या काशानमधल्या ज्यू कुटुंबात जन्मले, पुढे इस्लाम स्वीकारला. व्यापारासाठी सिंधमधल्या ठठ्ठ्याला आले आणि तिथे अभयचंद नावाच्या हिंदू मुलावर त्यांचा जीव जडला. व्यापार सुटला, अंगावरचे कपडेही सुटले. त्याच अभयचंदने पुढे तौरातच्या काही भागाचा फारसी अनुवाद केला. तो ‘दबिस्तान-ए-मजाहिब’ या ग्रंथात आला आहे. लाहोर आणि हैदराबाद करत सरमद दिल्लीला पोहोचले. तिथे शहजादा दारा शुकोह त्यांना मानू लागला. हल्लाज लोकांकडे जात होते, सरमद यांच्याकडे लोक येत होते.

श्रद्धेच्या बाबतीतही दोघे एकसारखे नव्हते. हल्लाज यांचा भर ‘फना’वर होता: माणसाचा ‘मी’ पूर्ण विरघळला की उरतो तो फक्त अल्लाह. हक हे अल्लाहचेच एक नाव, आणि त्याचा अर्थ सत्य असाही होतो. ‘अनल हक’ म्हणजे ‘मी खुदा झालो’ हा दावा, की ‘मी उरलोच नाही’ ही कबुली, यावर हजार वर्षे वाद चालू आहे. इमाम गजालींनी या उद्गाराचा अर्थ समजावून घेण्याचा प्रयत्न केला; इब्न तैमिया यांनी हल्लाज यांना दोषी मानले. दोघेही आपलेच आलिम. सरमद यांच्या रुबायांत वाद घालण्यापेक्षा बेफिकिरी जास्त आहे. मशीद आणि मंदिर यांतल्या भिंतीची त्यांना फिकीर नव्हती, आणि दिखाऊ धार्मिकतेची ते खिल्ली उडवत.

आता खटल्यांकडे या. हल्लाज सुमारे नऊ वर्षे बगदादच्या कैदेत होते. शेवटच्या खटल्यात मुख्य पुरावा ठरला तो ‘अनल हक’ नव्हे. ज्याला हजला जाणे शक्य नाही त्याने घरातच पवित्र जागा करून तवाफ करावा, अनाथ मुलांना जेवू-कपडे घालावेत, अशा अर्थाचा मजकूर हे कारण पुढे केले गेले. त्यामागे दरबारातले राजकारण होते. खलिफा मुक्तदिरची आई हल्लाज यांच्या बाजूची, तर वजीर हामिद विरोधात. हा वजीर करवसुलीतून वर आलेला माणूस. हल्लाज यांचे मित्र इब्न अता यांनी त्याला तोंडावर सुनावले, की लोकांची मालमत्ता लुबाडणाऱ्याने अशा माणसांचा निवाडा करू नये. त्यांना इतकी मारहाण झाली की ते त्यातच गेले. काजी अबू उमर यांच्या तोंडून रागाच्या भरात हल्लाज यांचे रक्त हलाल असल्याचा शब्द निघाला, आणि वजिराने तोच त्यांच्याकडून लिहून घेतला, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे. मार्च ९२२ मध्ये हल्लाज यांना हाल करून मारले आणि त्यांची राख तिग्रिस नदीत टाकली.

सरमद यांच्यावर नग्नतेचा ठपका होता. कलमा पूर्ण न म्हणता ‘ला इलाह’वरच थांबतात, असाही आरोप होता. मी अजून नकारातच बुडालो आहे, होकारापर्यंत पोहोचलो नाही, असा त्यांचा खुलासा सांगितला जातो. पण १६५९ मध्ये दाराला मारले गेले आणि त्यानंतर एक-दोन वर्षांतच सरमद यांचे शिर उडवले गेले, हा क्रम डोळ्यांआड कसा करणार? नग्न तर ते आधीही फिरत होते. मौलाना आझादांनी तरुणपणी सरमद यांच्यावर निबंध लिहिला, त्यात हेच दाखवले आहे: धर्माच्या पडद्याआड राजकारणाने आपले काम उरकले.

इथे आपल्यापैकी अनेकांची जीभ अडते. आज महाराष्ट्रात औरंगजेबाचे नाव घेऊन आपल्याला हिणवले जाते. अशा वेळी सरमद यांच्याबद्दल बोलणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे, असे वाटते. पण बादशहाच्या प्रत्येक कृत्याचे समर्थन करणे ही आपली धार्मिक जबाबदारी नाही. तो राज्यकर्ता होता, पैगंबर नव्हे. त्याने मारलेला सरमदही मुसलमानच होता. त्या दोघांपैकी कुणाचा वारसा सांगायचा, हे आपण ठरवायचे; आपल्याला हिणवणाऱ्यांनी नव्हे.

तसेच, या दोघांना आजच्या सेक्युलर चौकटीत कोंबायचीही गरज नाही. त्यांचे सगळे विचार पटलेच पाहिजेत असेही नाही. शाफई फकीह इब्न सुरैज यांनी हल्लाज यांची बाजू घेतली नव्हती. अशा अंतरीच्या गोष्टींचा निवाडा करणे माझ्या अखत्यारीत येत नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. शरीयतचा जाणकार माणूस ‘हे मला ठरवता येत नाही’ म्हणतो, यात त्याच्या इल्मची उंची दिसते.

मित्रांनो, आपल्या हातात वजिराची सत्ता नाही, काजीचा शिक्का नाही. तरीही ग्रुपमध्ये, जमातमध्ये, कधी घरातही आपण सहज एखाद्याला इस्लामबाहेर काढतो. हिजाब न घेणारी बहीण, दर्ग्यावर जाणारा काका, दर्ग्यावर न जाणारा भाऊ, प्रश्न विचारणारा कॉलेजकुमार, सगळ्यांवर आपले खटले चालू असतात. असा खटला भरण्याआधी दोन प्रश्न विचारू या: याने कुणाचे काय नुकसान केले? आणि याला गप्प बसवल्याने फायदा कुणाचा होणार? वजीर हामिदचे नाव आज कुणाला आठवत नाही. दिल्लीत जामा मशिदीच्या पायऱ्यांजवळ सरमद यांच्या मजारवर मात्र आजही रोज कुणी ना कुणी फातेहा पढून जातो.