चिमणी तेवढी ठेव!

गेम म्हणजे लॅमिंग्टन रोडवरची सीडी, असं मानणाऱ्यांनो, इकडे बघा! वापीजवळच्या चला (गावाचं नाव खरंच चला!) इथल्या 'स्टुडिओ ओलिओमिंगस'ने 2020 मध्ये एक छोटा गेम काढला: 'द इंडिफरंट वंडर ऑफ ॲन एडिबल प्लेस'. इच.आयओवर चक्क फुकट. यात तुम्ही नगरपालिकेचे नोकर. काम? इमारत खायची. हो, खायची! बंदुका-बिंदुका नाहीत, वाचायला मात्र बरंच.

परळच्या ऑफिसात लंच टाइमला सुरू केला. आधी हसू आलं. मग काचेतून खाली पाहिलं. इथेच आजोबांची गिरणी होती. 1982 च्या संपानंतर ती पुन्हा नीट चाललीच नाही. आता नुसती चिमणी उरलीय.

रात्री लालबागला घरी आईला गेम दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "चिमणी तेवढी ठेव हं."