साधनेला टाळ्या नकोत

स्मरणिका म्हटली की गौरव आलाच. संस्थेच्या कार्याची नोंद व्हावी, राबणाऱ्या हातांची नावे पुढील पिढीला कळावीत, यात गैर काहीच नाही. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मी तर अशा नोंदींचा ऋणी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली नसती, तर धेनुकाकटाच्या यवनांनीही तेथे दान दिले, हे आज आपल्याला कळले नसते. शिवाय ज्या समाजाचे नाव शतकानुशतके केवळ हेटाळणीसाठी उच्चारले गेले, त्याला आपल्या माणसाचे नाव व्यासपीठावरून आदराने घेतलेले ऐकताना भरून येणे स्वाभाविकच आहे.

तरीही एका ठिकाणी प्रशंसेने उंबरठ्याबाहेरच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते ठिकाण म्हणजे साधना.

हे मत अनुभवातून बनले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याच आग्रहावरून वसतिगृहातील मुलांच्या आनापान साधनेसाठी ‘उत्कृष्ट साधक’ असे बक्षीस सुरू झाले. पंधरवड्यातच सर्वांच्या पाठी ताठ झाल्या. मी जवळून गेलो की अधिकच ताठ होत आणि पाठ फिरवली की डोळे किलकिले होत. दोष मुलांचा नव्हता. श्वासाकडे लक्ष द्या असे सांगून मीच त्यांचे लक्ष माझ्याकडे वळवले होते. पुढे एका पाहुण्यांनी ‘सर, मुलांना छान वळण लावलेत’ असे म्हटले आणि त्या रात्री ध्यानाला बसल्यावर तेच वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. बक्षीस मुलांसाठी होते; भूक मात्र माझी होती.

विनयपिटकात वग्गुमुदा नदीकाठी वर्षावास करणाऱ्या भिक्खूंची हकिकत आहे. वज्जींच्या प्रदेशात दुष्काळ पडला होता, भिक्षा मिळेना. तेव्हा त्यांनी गृहस्थांपुढे एकमेकांच्या आध्यात्मिक सिद्धींची स्तुती करण्याचे ठरवले. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना जेवू घातले. वर्षावासानंतर इतर भिक्खू कृश होऊन आले, हे मात्र तुकतुकीत. तथागतांनी त्यांची कठोर निर्भर्त्सना केली. अंगी नसलेल्या लोकोत्तर अवस्थेचा जाणूनबुजून दावा करणे हा चौथा पाराजिक दोष ठरला. मनुष्यहत्येप्रमाणेच त्यालाही संघातून कायमची च्युती हीच शिक्षा. साधनेचे भांडवल करणे संघाने किती गंभीर मानले, हे यावरून दिसते.

कोणी म्हणेल, प्रोत्साहनाशिवाय मुले घडतात काय? धावण्याच्या शर्यतीत, निबंधात, गणितात अवश्य बक्षिसे द्यावीत. तेथे कौशल्य दिसते, मोजता येते. मैत्रीभावना कोणत्या फूटपट्टीने मोजणार? जे मोजता येत नाही त्याला बक्षीस लावले की मुले त्याचा देखावा शिकतात.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे: प्रशंसा नाकारली तर स्वाभिमान कसा वाढेल? पण बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान आणि प्रशंसेची तृष्णा या एका मुळाच्या फांद्या नव्हेत. स्वाभिमानी माणूस कोणी पाहत नसतानाही ताठ उभा राहतो. स्तुतीचा भुकेला आपला कणा पाहणाऱ्याच्या नजरेवर सोपवतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेली आपली माणसे कोणाची शाबासकी मिळवायला गेली नव्हती. आपली किंमत दुसऱ्याच्या मर्जीवर ठरणार नाही, हे सांगायला ती गेली होती. ती किंमत आपण पुन्हा टाळ्यांच्या हाती का द्यावी?

ते बक्षीस आता बंद आहे. त्यानंतर काही मुले साधनेला उशिरा येऊ लागली, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. जी बसतात त्यांच्या मनात काय चालते, ते मला ठाऊक नाही. ते पाहण्याचा माझा अधिकारही नाही. आता मी रांगांतून फिरत नाही. शेवटच्या रांगेत, मुलांच्या मागे, डोळे मिटून बसतो.