माशा मारणे आणि माशा बांधणे

उभ्या आयुष्यात मी माशा पुष्कळ मारल्या. पस्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला त्याचा वेगळा सराव करावा लागत नाही. पण माशा बांधणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेत, ऑरेगन राज्यात, आणि तो नेमका माझा जावई निघाला.

जावईबापू मूळचे सदाशिव पेठेतले. 'आमच्यात मासे चालत नाहीत' हे त्यांच्या घरच्यांनी बैठकीत मला तीनदा सांगितलं होतं. तेच गृहस्थ आता रात्री जेवणं झाली की टेबलाला भातुकलीत शोभेल एवढा वाईस लावतात, त्यात एक गळ आवळतात आणि त्यावर पिसं, केस, जर, लोकर असं काय काय गुंडाळत बारा वाजवतात. या गुंडाळीला म्हणायचं 'फ्लाय', म्हणजे माशी. ती नदीत टाकून स्टीलहेड नावाचा मासा धरायचा. आणि धरला की सोडून द्यायचा! आम्ही वेंगुर्ल्याकडची माणसं. गरीला लागलेला मासा परत पाण्यात सोडणाऱ्याला आमच्याकडे घरचे लोक वैद्याकडे नेतील.

पण माझं भांडण सोडण्याशी नाही. माझं भांडण आहे ते माशीच्या थाटामाटाशी.

एका माशीला पाऊण तास! शहामृगाचं पीस, रंगवलेल्या कोंबड्याच्या मानेची पिसं, चंदेरी जर आणि वर मण्यांचे दोन डोळे. तयार झाली की ती माशी दिसतच नाही, चैत्रगौरीच्या आराशीतून निखळलेला तुकडा दिसते. आणि हे कोणासाठी? तर एका उपाशी माशासाठी. मी थट्टा करत नाही. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. (1989 साली शास्त्रज्ञांनी त्याला सामन माशांच्या 'ऑन्कोऱ्हिंकस' घराण्यात दत्तक देऊन त्याचं नाव बदललं. माशाला अजून कळवलेलं दिसत नाही.) हा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. परतल्यावर तो फारसं काही खातच नाही. मग माशीला तोंड का घालतो? कोणी म्हणतं राग, कोणी म्हणतं लहानपणची सवय. माझं मत असं, की आरामखुर्चीत डोळा लागलेल्या म्हाताऱ्याच्या नाकासमोरून काही सळसळत गेलं की तो जसा हात मारतो, तसंच हे. त्या म्हाताऱ्याने कधी पिसं मोजली आहेत?

माशीत गळ हा नवरदेव, पिसं हे वऱ्हाड. वऱ्हाडाच्या फेट्यांवर पैसे उधळून नवरदेवाला भाड्याचा कोट घालणारी लग्नं मी पाहिली आहेत, पण जावईबापूंनी कमाल केली. पिसांच्या पुड्या सगळ्यात महाग आणि गळ सगळ्यात स्वस्त! खरं तर गळ जाड तारेचा हवा. बारीक तार दहा पौंडांच्या माशाने एक हिसका दिला की सरळ होते. दांडा फार लांब नको, नाहीतर मासा त्याचीच तरफ करून गळ उचकटून टाकतो. आणि टोक! ते अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढावं. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. नंबरांचा मात्र सगळा उलटा कारभार. आठ नंबरचा गळ चारपेक्षा लहान, एकच्या पुढे गेलं की वन-ओ, टू-ओ असे वाढत जातात. उन्हाळ्यात पाणी निवळशंख असतं तेव्हा सहा-आठ पुरे. हिवाळ्याच्या गढूळ पाण्यात दोन किंवा त्याहून मोठा.

मी दोन नंबरचा गळ घेतला. हिच्या उसवलेल्या काळ्या स्वेटरची लोकर घेतली. शेपटीला काळ्या मऊ पिसाचा झुबका बांधला, दांड्यावर लोकर गुंडाळत आणली, वरून कोंबड्याचं एक पीस सैलसर वेढे देत फिरवलं आणि दोऱ्याने गाठ मारली. मिनिटं सहा. पहिल्या खेपेला नवशिक्याची चूक माझ्याकडूनही झाली. पोस्टकार्डाच्या तळाशी 'कळावे, लोभ असावा' कोंबावं लागतं तसं सगळं गळाच्या डोळ्याशी दाटलं आणि दोर ओवायला भोकच उरलं नाही. तेव्हा डोळ्यापाशी जागा सोडा.

थाटाच्या माशीचा खरा तोटा वेगळाच आहे. ती बांधणारा भित्रा होतो. हिवाळ्यात स्टीलहेड तळाशी, दगडांच्या आडोशाला पडून असतो. पाऊण तास खपून केलेली माशी त्या दगडांत घालवायला जीव होत नाही, म्हणून जावईबापू ती मासा नसेल अशा सुरक्षित पाण्यातून फिरवून आणतात. चुकून मासा लागलाच, तर त्या माशीसकट फोटो हवा! मग तो बिचारा हवेत तोंड वासून तडफडणार आणि हे कॅमेरा शोधणार. सोडायचाच आहे, तर पाण्यातल्या पाण्यात सोडा की! 2021 च्या उन्हाळ्यात नॉर्थ अम्पक्वा नदीत स्टीलहेड इतके कमी आले, की तिथली मासेमारीच बंद करावी लागली. त्याच नदीच्या स्टीमबोट क्रीक या उपनदीवर ली स्पेन्सर नावाचे गृहस्थ 1999 पासून वर्षानुवर्षं एका डोहाकाठी माशांची राखण करत बसले. ते स्वतःही मासेमारी करत, पण गळाचं टोक कापून! माशाने माशीला तोंड घातलं, हाताला हिसका बसला, झालं. एवढं वैराग्य मला पेलणार नाही. मी पकडीने फक्त गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला.

मार्चमध्ये त्या नॉर्थ अम्पक्वावर गेलो. एका दिवसाचा परवाना, कानटोपी आणि जावयाचीच जुनी काठी. तिसऱ्या तासाला माझी लोकर प्रवाहात आडवी झुलत दगडांजवळून निघाली आणि कुणीतरी दार लोटावं तसा धक्का बसला. काठी वाकली. सात-आठ सेकंद मी, म्हणजे वेंगुर्ल्याचा मी, देवाचं नाव घेत उभा होतो. मग दोर सैल झाला.

"बाबा, काटा ठेवला असतात तर मिळाला असता."

"मिळाला असता म्हणजे? सोडणारच होतात ना?"

परतीच्या वाटेवर जावईबापू काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर हळूच म्हणाले, "बाबा, ती काळी लोकर थोडी उरली आहे का?"

मी म्हटलं, "स्वेटर सासूबाईंचा आहे. त्यांना विचारा."